सुजलेल्या डोळ्यांचा फोटो

दिंडोरी मागे पडली तरी भागुबाई मला ‘तुम्ही’च म्हणत होती. बारा वर्षांची ओळख. एरवी “ताई, तू ये गं” असं शेताच्या बांधावरून ओरडून बोलावणारी बाई. पण पहाटे मखमलाबादहून निघाल्यापासून ती सगळं मिळून चार वाक्यं बोलली असेल. “पिशवी द्या इकडं.” “पाणी घ्या.” “डांबर तापलंय, कडंनं चला.” आणि मी चप्पल काढायला लागले तेव्हा, “राहू द्या. तुम्हाला सवय नाय.” ती स्वतः अनवाणीच होती.

चैत्रात वणीच्या गडावर देवीला पायी जायची आमच्याकडे रीत आहे. दरवर्षी आमच्या भजनी मंडळाच्या पंधरा-वीस बायका एकत्र निघतात. यंदा त्यांनी जीप ठरवली. भागुबाईला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती गेली नसती. म्हणून मी तिच्या शेतावर गेले आणि म्हटलं, आपण दोघी चालत जाऊ. ती शेवंतीच्या वाफ्यात खुरपत होती. मान वर न करता म्हणाली, “देवीचं नाव काढल्यावर नाय कशी म्हनू?”

भागुबाईची फुलांची शेती आहे, दीड एकर. शेवंती, झेंडू आणि विहिरीच्या कडेला मोगरा. नवरा केरू पाणी भरतो, मोटरसायकलवर माल फुलबाजारात नेतो आणि उरलेला वेळ पारावर बसतो. तोडणी, निवड, ओवणं, विकणं सगळं हिचं. चौथीपर्यंत शाळा. केस तिशीतच पांढरे झालेले. वेणी मात्र अशी बांधते की दोन फुलांच्या मधे दोरा दिसत नाही. आमच्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला वेणी तिचीच असायची.

अनसूयाबाई बोरस्ते यांचं देवीचं गाणं आमच्या भागात घराघरात होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा कार्यक्रम मखमलाबादच्या मंदिरात झाला, तेव्हा मंडळाने त्यांना भागुबाईची वेणी दिली. अनसूयाबाईंनी ती डोक्यात माळायच्या आधी उलटीसुलटी करून पाहिली आणि माइकवरच विचारलं, “ही कुणी बांधली?” भागुबाई मागे चपलांपाशी उभी होती. तिला पुढे बोलावून त्यांनी नाव विचारलं. पुढच्या वर्षी शहरात कार्यक्रम झाला, तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, “भागुबाईंची वेणी आली का?” भागुबाई मला म्हणाली होती, “ताई, सासरी तीस वर्सं झाली. मी केरूची बायको, नायतर ए फुलवाली. ह्या बाईनं येकदा आयकलेलं नाव वरीसभर ध्यानात ठेवलं.” तेव्हापासून ती अनसूयाबाईंचं गाणं लागलं की हातातलं काम थांबवून उभी राहायची. देवीच्या आरतीला राहतात तशी.

गेल्या वर्षी चैत्रात त्या पुन्हा येणार होत्या. मंडळाने ठरवलं, वेणी यंदा भागुबाईनेच स्टेजवर जाऊन द्यायची. कार्यक्रम रविवारी. आमच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “येऊ दे, पण जरा नीटनेटकी करून आणा तिला.” ते काम माझ्याकडे आलं.

गुरुवारी दुपारी मी तिला घरी बोलावलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून काळ्या मेंदीची दोन पाकिटं आणली. एकाने भागलं असतं, पण रंग पक्का बसावा म्हणून दोन. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात कालवली, वर लिंबू पिळलं. आमच्या घरात हे सगळ्या बायका असंच करतात.

भागुबाई पाटावर बसली आणि म्हणाली, “ताई, मागं भाचीच्या लग्नात हातावर काळी मेंदी काढली व्हती. फोड आल्ते गं. पंधरा दिस फुलं तोडता नाय आली.”

“ती हाताची वेगळी, ही केसाची वेगळी,” मी म्हटलं.

पाकिटावर मराठीत लिहिलेलं होतं. आधी कानामागे थोडी लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी. मी ते वाचलं. मोठ्याने वाचलं, आणि हसून म्हटलं, “अठ्ठेचाळीस तास थांबलो तर रविवार इथंच उजाडायचा.”

अर्ध्या तासाने ती म्हणाली, डोकं चावतंय. मी म्हटलं, रंग चढतोय. तासाने म्हणाली, आग होतेय. मी टेबलफॅन लावला. दोन तासांनी धुतलं. केस असे काळेभोर झाले की ती आरशासमोरून हलेना. “अनसूयाबाईच दिसतेस,” मी म्हटलं, तर लाजून पदर तोंडाला लावला.

शुक्रवारी सकाळी केरूचा फोन आला. “वहिनी, हिचं तोंड बघा येऊन. वळखू येईना.” मी गेले. कपाळ, पापण्या, गाल, सगळं फुगून एक झालेलं. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा. कानामागून पाणी गळत होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, घराबाहेर पडू नका म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच माझ्या मोबाईलवर मेसेज आला. अनसूयाबाई पहाटे मुंबईच्या हॉस्पिटलमधे वारल्या.

मी तो तिला वाचून दाखवला. ती पायरीवर खाली बसली. मग म्हणाली, “रविवारची मोगऱ्याची कळी आजच तोडायला पायजे.”

शनिवारी चांदवडकडच्या त्यांच्या गावी शाळेच्या मैदानात पार्थिव ठेवलं होतं. मी नको नको म्हणत होते, तरी भागुबाई आलीच. रात्री डोळे मिटलेलेच असताना तिने हाताच्या सवयीने वेणी बांधली होती. मी तिचा दंड धरून रांगेत उभी राहिले. तिला पाहून लोक बाजूला व्हायला लागले. “बाई किती रडलीय बघा. जाऊ द्या तिला पुढं.” पोलिसानेही वाट करून दिली. पायांपाशी वेणी ठेवायला ती वाकली आणि तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

ती रडत होती. हे मी नीट लिहिते, कारण मी शेजारी होते. त्या रेघांमधून पाणी येत होतं, आणि पाणी आलं की जखमेवर आग व्हायची, की ती दातावर दात धरायची. माझ्या पदराने मी ते टिपलं. पदराला पाण्याचे आणि औषधाचे पिवळे डाग पडले. चेहरा बघायला मिळाला का, असं मी परतताना गाडीत विचारलं. “नाय दिसला,” ती म्हणाली. “पांढरं कायतरी दिसलं नुसतं.”

सोमवारी तो फोटो पेपरात आला. खाली ओळ होती, लाडक्या गायिकेच्या निधनाने शोकाकुल झालेली चाहती. आमच्या गल्लीत पेपर हातोहात फिरला. मंडळाने शोकसभा घेतली आणि भागुबाईला शाल-नारळ दिला. ती उभी राहिली, म्हणाली, “माझं डोळं हे असं झालं ते...” मी खालून तिचा पदर ओढला. खाली बसवलं. मला वाटलं, कशाला? लोक मानतायत, मानू देत. आणि खरं सांगायचं तर पुढचं वाक्य माझ्यावर आलं असतं.

महिनाभर तिचा मान राहिला. मंडळातल्या काहींना तो सलायला लागला. वैशाखात हळदीकुंकवाला कोणीतरी म्हणालं, “आपण पण रडलो हो, पण आपला फोटो कोण काढतो? भागुबाईला रडायचं जमलं.” सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण ती माझी मैत्रीण. मी डाळीची वाटी हातात धरून बोलून गेले, “अहो कसलं रडणं! केसांना काळं लावलं होतं तिनं, अनसूयाबाईंसारखं दिसायला. त्याने सुजली होती.”

बायका हसून लोळायच्याच काय त्या राहिल्या. मीही हसले. कोणी लावलं, ते कोणी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

एका बाईची मुलगी निकिता तिथेच मोबाईल घेऊन बसली होती. दोन दिवसांत पेपरातल्या फोटोवर हसण्याचे आवाज टाकलेला रील आला. मग तसे पाच-पन्नास आले. मुली डोळे फुगवून, केसांना काजळ फासून हंबरडा फोडायच्या. फुलबाजारात हमाल विचारायला लागले, “काय मावशी, आज कोण गेलं? डाय केला का?” केरू पारावर सांगायचा, “माझी आई गेली तवा हिच्या डोळ्यात टिपूस नव्हता. हे नाटक कळाया पायजे व्हतं मला.” मंडळाने वेणी शहरातल्या द्वारका चौकातल्या दुकानातून मागवायला सुरुवात केली. भागुबाईचे केस वीतभर पांढरे वाढले, खालचे तसेच काळे. तिने ते कापलेही नाहीत आणि पुन्हा रंगवलेही नाहीत. ती मला काही बोलली नाही, भांडलीही नाही. फक्त माझ्या दारावरून जायची बंद झाली.

मी रोज देवीपुढे दिवा लावते. वर्षभर लावला. देवीला सगळं सांगितलं. भागुबाईला एक शब्द सांगितला नाही.

दिंडोरीच्या पुढे एका रसवंतीशी आम्ही थांबलो. तिथे सटाण्याकडच्या तीन-चार पोरी होत्या, डोक्याला भगव्या पट्ट्या बांधलेल्या. त्यातली एक भागुबाईच्या दुरंगी केसांकडे पाहून दुसरीला अहिराणीत म्हणाली, “हाई तीच बाई शे ना वं? डायवाली?” मग सरळ जवळ आली. “मावशी, एक सेल्फी घेऊ का? तुम्ही लय फेमस आहात.”

मी म्हटलं, “अगं देवीला चाललात ना तुम्ही? लाज नाही वाटत?”

पोरगी गोंधळली. “काकू, आम्ही काय वाईट बोललो? हसायचंच आहे ना ते?”

“घे बाई,” भागुबाई म्हणाली. रसाचा ग्लास खाली ठेवला, पदर नीट केला आणि त्यांच्या मधे उभी राहिली. पोरी गेल्या. ती परत बाकावर येऊन बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

“त्यांच्यावर कशाला वरडता, शुभांगीताई? त्या पोरींना काय ठावं? तुम्हाला ठावं व्हतं.”

मी म्हटलं, “चुकलं माझं, भागुबाई.”

“हितं म्हनून काय उपेग? हितं रसवाल्याबिगर कोन हाय?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “रविवारी मंडळाचं वर्षश्राद्ध हाय ना अनसूयाबाईंचं? माइक तुमच्याच हातात आसतो.”

“हो.”

“मग तिथं सांगा. पाकिटावर काय लिव्हलं व्हतं ते तुम्ही वाचलं, हे सांगा. मी फोडाचं बोलले व्हते, हे सांगा. तवा तुम्ही काय म्हनल्या ते बी सांगा. हसू द्या त्यांना, हसतीलच. मग त्यांचं हसून झालं की म्हना, भागुबाई तिथं रडत व्हती. माझं मी सांगून कुनी मानायचं नाय. तुमच्या पदरानं पुसलंय, तुम्ही सांगा. मी पुढच्या रांगेत बसते.”