क्रेटवरची आजी

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ तर कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पण आजीबद्दल लिहून ठेवायचं होतं, म्हणून माझ्या नातीची जुनी वही मागून घेतली.

आजी म्हणजे आम्ही इथे परदेशात राहतो त्या हिल्सबरोतली आमची शेजारीण, नॉर्वेची कवयित्री. मुलीमागून या देशात आलेली. दर रविवारी अवोन्डेलच्या बाजारात भाजीचा रिकामा क्रेट उलटा टाकायची, वर चढायची आणि खणखणीत आवाजात कविता म्हणायची. ऐंशीच्या पुढची बाई!

कविता झाडूवाल्यांच्या, बस चालवणाऱ्यांच्या. त्यांचे तास, त्यांचा पगार. तिकडे नॉर्वेत तिची आई कारखान्यात मासे साफ करायची. तिथल्या संपात फाटकाबाहेर म्हटली ती हिची पहिली कविता. त्यापायी दोन दिवस कोठडीत बसली. "जेवण घरच्यापेक्षा बरं होतं," म्हणून हसायची.

नवी कविता झाली की कुंपणाशी यायची आणि माझ्या नातीला ती मला मराठीत सांगायला लावायची. मी मान हलवली नाही तर कागद परत खिशात. "हिला कळली नाही? मग अजून कच्ची आहे."

मी तेव्हा एका मराठी माणसाच्या किचनमध्ये पोळ्या लाटायचे. त्याला सगळे भाऊ म्हणत. पहिले तीन महिने त्याने 'शिकाऊ' म्हणून अर्धेच पैसे दिले. चाळीस वर्षं घरी पोळ्या लाटतेय, शिकाऊ कसली! पण "काकू, आपण घरचीच माणसं, देईन की," म्हणायचा. गणपतीत जेवायला बोलवायचा. मग मागायचं कसं? जन्मातली पहिली कमाई होती माझी.

एकदा कुंपणाशी मला रडू आलं. नातीने आजीला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही कविता करणार. तिने एवढंच विचारलं, "रोज पोळ्या किती?"

"चारशे."

"तास?"

"सात."

दोन्ही आकडे लिहून कागद तिने माझ्याच हातात दिला. "ही तुझी कविता. मी म्हटली तर चोरी होईल."

रविवारी क्रेटवर मी चढले. आजीने कोपर धरलं होतं. समोरच भाऊचा पोळ्यांचा स्टॉल, दर रविवारी तिथेच लागायचा. मी मराठीतच बोलले. "रोज चारशे पोळ्या लाटल्या. सात तास उभी राहिले. भाऊ, अर्धे पैसे राहिलेत."

त्याच्या रांगेतल्या एका मराठी बाईने पाकीट परत पर्समध्ये टाकलं. "अहो, आधी त्यांचे द्या. मग माझ्या पोळ्या."

भाऊ पुटपुटला, "काकू, हे घरी बोलायचं ना."

"घरी तुम्ही जेवायला बोलावता, भाऊ. पानावर बसून कसं बोलू?"

लोक हसले. खाली उतरवताना आजी म्हणाली, "माझ्या पहिल्या कवितेला कोठडी मिळाली. तुझी बरी गेली."

भाऊ हप्त्याहप्त्याने देऊ लागला. हिवाळ्यात आजीचे गुडघे चालेनात, तेव्हा मुलगी तिला आपल्याकडे, दूर हॅमिल्टनला घेऊन गेली. तिथून फोन आला की पहिला प्रश्न तोच: आले का?

गेल्या शुक्रवारी शेवटचा हप्ता खात्यात आला. नात शाळेत होती. फोन मीच लावला आणि इंग्रजीत म्हटलं, "ऑल पेड."