मातीच्या कपाआडचा चहा

चहाच्या कंपनीत त्याला सगळे 'जीभ' म्हणायचे. "जीभ आली का?" असं साहेब विचारायचे आणि हा मान खाली घालून हसायचा. काम एकच: पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीतून चहा भुरकायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि शेरा द्यायचा. वीस वर्षांत त्याचा शेरा कधी चुकला नव्हता.

घरी वडील कुंभार. गिऱ्हाईक केव्हाच तुटलं होतं, तरी रोज चार-दोन चहाचे कप घडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्या वर्षी गोदामाचं छप्पर गळलं आणि चारशे पोत्यांना ओल लागली. यानं चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. "कुबट झालाय. फेकून द्या." साहेबांचा चेहरा पडला.

नमुन्याची पुडी त्याच्या खिशातच राहिली. रविवारी घरातली चहापूड संपली, म्हणून वडिलांनी तीच पुडी आधणात टाकली. यानं मातीचा कप तोंडाला लावला. खरखरीत काठ ओठाला चिकटला, ओल्या मातीचा वास आधी नाकात शिरला आणि मग चहा जिभेवर आला. छान लागला.

"बाबा, पूड कुठली?"

"तुझ्या खिशातली. का रे, बरा नाही झाला?"

तो थक्क झाला. कुबटपणा मातीच्या वासाआड दडी मारून बसला होता. सोमवारी त्यानं ते साहेबांना सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं, आपण वडिलांच्या हाताची तारीफ करतोय.

साहेब एवढंच म्हणाले, "तुझे वडील दिवसाला किती कप करतात?"

दोन महिन्यांत चौकाचौकात वडिलांच्या कपांतून चहा देणारे कंपनीचे स्टॉल लागले. लोक डोळे मिटून म्हणायचे, "वा, याला म्हणतात चहा!" वडिलांची कंबर धरली, पण चेहरा खुलला. "आत्ता कुठे माणसांना माती कळायला लागली," असं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले.

एका दुपारी ते हौसेनं स्टॉलवर गेले. चहावाल्याच्या हातातल्या कपाला नेमका तडा निघाला, म्हणून त्यानं चहा स्टीलच्या ग्लासात ओतून दिला. एक घोट घेऊन त्यांनी ग्लास खाली ठेवला.

संध्याकाळी मुलगा दारात दिसताच त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बाबा, कुणी आजारी पडलेलं नाही. लोकांना आवडतोय."

"आवडतोय तो माझा कप. आतला चहा कळू नये म्हणूनच ना करून घेतलेस माझ्याकडून?"

"आणि तुमचं बंद पडलेलं काम सुरू झालं, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून वडील चाकावर बसले नाहीत. त्यांना वाटलं, आता तरी हे थांबेल. साहेबांनी आठवड्याभरात साच्यातले कप दुसरीकडून मागवले. स्टॉलवर कुणाच्या लक्षातही आलं नाही. चारशे पोती संपली, तेव्हा साहेब मुद्दाम ओल लागलेला माल स्वस्तात उचलू लागले. कुठला माल मातीच्या कपात खपेल हे सांगायला त्यांनी 'जीभ'ला वेगळी केबिन दिली. "यात तुझा हात कुणी धरणार नाही," ते म्हणाले.

वडील मुलीकडे राहायला गेले. तो महिन्यातून एकदा भेटायला जातो. एकदा बहिणीनं विचारलं, "दादा, कुठला चहा टाकू?"

वडील पेपरातून मान वर न करता म्हणाले, "त्याला काय विचारतेस? त्याला आता कसलाही चालतो."