रक्तात काही निघालं नाही

सावद्यात केळीचा घड कापायला झाला की नाही हे सांगणारे पुष्कळ होते, पण आमच्या बागेत धाकट्या काकांचा, म्हणजे नानांचा शब्द शेवटचा. ऐंशीच्या दशकात त्यांना स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, पण दुसरं काम सांगेपर्यंत पहिलं डोक्यातून निसटायचं. माझ्या वडिलांनी, ज्यांना घरात मीही भाऊच म्हणायची, नानांच्या हातातला कोयता काढून घेतला. नाना रोज विचारत, "भाऊ, कोयता कुठी हाये?" भाऊ तिरसट माणूस, पण हे ऐकलं की दुसऱ्या ओळीकडे निघून जात.

सातवीत होते तेव्हा त्या दोघांबरोबर मी धुळ्याच्या डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासायचं होतं, आणि रक्तात काहीतरी निघावं म्हणून भाऊ देव पाण्यात घालून बसले होते. कावीळ निघाली असती तर त्यांनी पेढे वाटले असते! रक्तातला दोष चारचौघांत सांगता येतो.

डॉक्टरांनी नानांना पाच शब्द सांगितले: घोडा, कंदील, विहीर, पत्र, आंबा. थोड्या वेळानं परत विचारणार होते. तेवढ्यात रक्त द्यायला बाहेर पाठवलं. मला ती परीक्षाच वाटली. नाना नापास झाले तर कोयता कायमचा जाणार, या भीतीनं मी बाकावर त्यांच्याकडून पाचही शब्द घोकून घेतले.

आत गेल्यावर नानांनी ते धडाधड म्हटले. भाऊंची छाती फुगली. डॉक्टर लिहायला लागले, तसे नाना म्हणाले, "लिहू नका साहेब. पोरीनं सांगलं. मले काहीच याद राहत नही."

माझे कान लाल झाले. डॉक्टर रागावले नाहीत. रिपोर्ट आला तेव्हा म्हणाले, "रक्तात काही नाही. हा आजार रक्तात दिसत नाही, दुसरं काही नाही ना एवढंच बघायचं होतं. विसरणं हाही आजाराचाच भाग आहे. गोळ्या चालू ठेवा, आणि एका वेळी एकच काम सांगा."

एका दमात पाच हुकूम सोडणाऱ्या भाऊंना हे जमेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. पण पुढच्या कापणीला त्यांनी स्वतः नानांच्या हातात कोयता दिला. "हा काप." घड उतरला. भाऊ थांबले. "आता हा." तोही उतरला. असं एकेक करत अर्धी ओळ झाली. भाऊ मला इतके जवळचे कधीच वाटले नव्हते.

मग भाऊंनी आणखी एक घड दाखवला. नानांनी कोयता खाली केला, केळावरून अंगठा फिरवला.

"हा नही, भाऊ. याच्या कडा अजून भरल्या नही."

भाऊंनी वाकून पाहिलं. केळी खरंच अजून गोल झाली नव्हती, कोवळीच होती. मग तिथेच बांधावर बसून ते रडले, आणि म्हणाले, "मंग तूच सांग, कोणता कापू?"