पाहिलं का ऐकलं

भोरच्या दवाखान्यात शेवटच्या दुपारी बाईनं मला एकच विचारलं, "अहो, झऱ्याचं तुमी पाहिलं व्हतं का ऐकलं व्हतं?" मी म्हणालो, "ऐकलं व्हतं. आता पड निवांत." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. सव्वा महिना झाला... मी तिच्याशी खोटं बोललो.

बाई म्हणजे माझी बायको. ती शाळामास्तरीण, मी चौथी नापास. लग्नात लोक हसले, नांगराला पाटी बांधली म्हणून. हिर्डोशीच्या वर आमचं गाव, तिथं सगळे तिला बाई म्हणायचे, मग मीही तेच म्हणायला लागलो. निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी ती पोरांना इतिहास शिकवायला शाळेत जायची. पुस्तक मिटून ठेवायची आणि सांगायची, घरातली जुनी वस्तू आणा, तिची हकिकत आणा. फळ्यावर मधोमध रेघ. एकीकडं पाहिलं, दुसरीकडं ऐकलं. सांगणाऱ्याला ते विचारल्याबिगर लिहायचं नाही, आणि एका गोष्टीसाठी दोन घरं विचारायची.

संक्रांतीनंतर धनगरवस्तीतली एक पोरगी चेपलेला तांब्याचा हंडा घेऊन आली. तिच्या आजीचं म्हणणं, दुष्काळात वस्तीवरची माणसं झऱ्यावर गेली, तर खालच्या घरानं काठ्या घातल्या, अंगावर कुत्रं सोडलं. खालचं घर म्हणजे आमचं. आमच्यात तर पहिल्यापासून सांगतात की माझ्या वडिलांनी, आबांनी, वस्तीला पाणी दिलं. बाईनं दोन्ही फळ्यावर लिहिलं.

त्याच संध्याकाळी भावकी अंगणात. चुलतभाऊ म्हणाला, "वयनी, सासऱ्याला फळ्यावर टांगलंत व्हय?"

"म्या कुणाला टांगलं न्हाई, भावजी. पोरीनं हंडा आणला. तुमच्याकडं काय हाय ते आणा, शेजारी ठिवते."

"आमी काय भांडी घेऊन हिंडू? पुन्यांदा शाळेत गेलात तर बघा."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या वेळचा आमच्यात मी एकटाच उरलेला. मी जमिनीकडं बघत म्हणालो, "आबांनी पाणी दिलं, असंच ऐकलंय." भावकी उठली. बाईचं शाळेत जाणं तिथंच थांबलं. तिनं आदळआपट केली नाही. भाकरी वेळेवर वाढायची, पण वाढताना माझ्या तोंडाकडं बघत राहायची.

परवाच्या शनिवारी मी शाळेत गेलो. गुरुजींना म्हणालो, मला पोरांशी बोलू द्या. पुढच्या रांगेत भावकीतली दोघं होती, त्यांच्या मागं ती पोरगी. मी सांगितलं, "झऱ्याचं म्या पाहिलंय. आठ वर्साचा व्हतो. आबांनीच काठी घातली. तुझ्या आजीचा हंडा दगडावर आपटला."

पोरगी वहीत लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली. "आजोबा, अन् कुत्रं कुणी सोडलं?"

बाईच्या हाताखालची पोरगी, अर्ध्यावर कशी सोडेल?

"दोरी माझ्या हातात व्हती, बाळ," मी म्हणालो. "लिही."