ठिपक्यांत शिरा नसलेल्या अध्यक्षबाई

तुम्हाला एमएस नाही, असं डॉक्टरबाईंनी हसतहसत सांगितलं आणि अध्यक्षबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या या कारकूनबाई गेली चौदा वर्षं एमएस रुग्ण मंडळाच्या अध्यक्ष होत्या. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस; शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते, तो हा आजार. त्या काळी बाईंच्या एमआरआयमध्ये मेंदूवर पांढरे ठिपके दिसले, बोटं बधिर होतीच, निदान होऊन गेलं. नवरा गेल्यावर रिकामं झालेलं घर बाईंनी मंडळाने भरून काढलं. कोणाला चाकाची खुर्ची मिळवून दे, कोणाच्या दारात उतार करवून घे, आणि सभेला उशिरा येईल त्याला सगळ्यांदेखत झाप. बाईंचा दराराच तसा होता.

"अहो, अभिनंदन!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "एमएसच्या बहुतेक ठिपक्यांच्या मधोमध बारीक शीर असते आणि बरेचसे मेंदूतल्या पोकळ्यांना चिकटलेले असतात. तुमचे नव्या मशीनवर पाहिले. इकडेतिकडे विखुरलेत, आत शिरा नाहीत. पाठीचा कणाही स्वच्छ. हे जुन्या रक्तदाबाचं काम. इंजेक्शनं बंद, मीठ कमी, रोज चालायचं."

"एखाद्यात तरी असेल हो शीर. नीट बघा ना."

"एकात आहे. पण एकावर नाही भागत."

"एक आहे ना!" म्हणत बाई एमआरआयची फिल्म बगलेत मारून तडक निघाल्या.

मंडळात फक्त रुग्णच सभासद असेल, हा नियम खुद्द बाईंनीच लिहिलेला. त्यामुळे रविवारी वाचनालयाच्या तळमजल्यावर तातडीची सभा भरली. फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली आणि काठ्या, कुबड्या, खुर्च्या सरसावत सगळं मंडळ तिच्यावर तुटून पडलं. इथे प्रत्येकाला आपापला मेंदू तोंडपाठ. चित्रकलेच्या मास्तरांनी भिंग लावलं.

"हा पोकळीला टेकलाय की नाही?" कोणीतरी विचारलं.

"कुठला टेकतोय! चांगली फट आहे."

"बाईंसाठी टेकलाय म्हणा की मास्तर! तुमचं काय जातं?"

मास्तरांनी तासभर डोळे फोडले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "बाई, आमच्यातलं काहीसुद्धा नाही हो तुमच्याकडे."

"मग मांडा ठराव," बाई फणकारल्या. "नियम म्हणजे नियम."

मास्तरांनी ठराव मांडला: अध्यक्षबाईंना आपला आजार नसल्यामुळे त्यांचं सभासदत्व रद्द करण्यात यावं. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.

एकेक हात वर जाऊ लागला. कोणाचा थरथरत, कोणाचा जेमतेम खांद्यापर्यंत. एकाने तर काठीच वर केली. बाईंना भयंकर राग आला. चौदा वर्षं यांच्यासाठी राबले, आणि एकाचंही मन कचरू नये? शेजारच्या खुर्चीत त्यांची जिवाभावाची मैत्रीण होती, सगळ्यांची शिंपीणमावशी. तिचे हात मांडीवर पडलेले होते. दोन वर्षं ते हललेच नव्हते. निदान ही तरी आपल्या बाजूची, असं वाटून बाईंना जरा धीर आला.

मावशीने मान वळवली. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"अगं, माझा हात वर कर ना जरा," ती म्हणाली.

बाईंनी तो मनगटाला धरून उचलला, आणि मास्तरांची मोजणी संपेपर्यंत तसाच वर धरून ठेवला.