उतारावर अडलेला टब

सन २००४. माझं वय तेव्हा पन्नास. भूतखेत, अंगात येणं, असलं मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही... पण हे माझ्यासमोर घडलं. लिहिलंय मी, शुद्धलेखन सुनेचं. एकही गोष्ट बदलायची नाही, असं तिला बजावलंय.

मी मूळचा आपट्याचा, आता पनवेलला असतो. शाळा दुसरीपर्यंत. इथल्या खडीच्या खाणीत दगड फोडायला शिकलो आणि तेवढ्या जोरावर भंडाऱ्याकडं मॅंगनीजच्या खाणीत लागलो — जमिनीखाली. तिथं मला सगळे पनवेलकाका म्हणत. नवी गल्ली पुढं न्यायला सुरुंग उडवला की आधी मी आत जायचो, पहारेनं छत वाजवायचो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर सुटलेलं. काकांचा कान चुकत नाही, असं मॅनेजरसाहेबही सांगायचे.

त्या दिवशी सकाळच्या पाळीला छत वाजवलं आणि पक्कं म्हटलं. मडावी म्हणून आमचा माल भरणारा होता, तो म्हणाला, "काका, त्या कोपऱ्यात पोकळ वाजून राह्यलं."

"तू फावडं वाजव. छत माझं हाय."

मडावी धरून चौघांनी टब भरला. टब म्हणजे रुळावरची लोखंडी गाडी. ती शाफ्टपर्यंत, म्हणजे वर जायच्या उभ्या विहिरीपर्यंत न्यायची, तिथून पिंजऱ्यातून माल वर. रूळ शाफ्टकडं उतरतेच घालतात, त्यामुळं भरला टब एकटा माणूस नेतो. उलट तो आवरावा लागतो.

दोघं आत दुसरा ढीग ओढायला लागले. मडावीनं आणि एकानं टब ढकलला. हलेना.

"काहून हलत नाही बे हा?"

"बायकांनी सकाळी जेवायला घातलं नाय वाटतं," मी म्हटलं आणि चाकाखाली वाकून बघितलं. दगड नाही. अडसर काढलेला. मी खांदा लावला... नाही. मग मला राग आला. आतल्या दोघांना ओरडलो, "फावडी टाका, इकडं या!"

पाचही जण टबाला भिडलो आणि मागं छत बसलं. ते दोघं उभे होते तिथंच. मडावीनं दाखवलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात.

धूळ बसली. मडावीनं आधाराला टबावर हात टेकला — आणि टब चालू लागला.

फिटरनं चाकं तपासली, रूळ तपासले. काही नाही. वीस वर्षं झाली, डोकं चालवून थकलो.

वर आल्यावर साहेबांनी रिपोर्ट लिहिला, पनवेलकाकांनी छत ओळखून माणसं वेळेत बोलावली. तिघं माझ्या पाया पडले. मडावी दिवा जमा करून घरी गेला. मी खरं सांगितलं नाही. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीच्या आधी ऑफिसात गेलो.

"साहेब, ते खोडा. छत मी पक्कं म्हटलं होतं. मडावी पोकळ म्हणत होता. तसं लिहा."

"काका, छत वाजवायचं काम जाईल तुमचं."

"जाऊ दे."

साहेबांनी लिहिलं. मी ते दोनदा वाचून दाखवायला लावलं आणि खाली सही केली.