जेवणावरचा चहा

सोमवारी मधल्या सुट्टीत खिचडी आटोपली की मॅडम व्हरांड्यात येऊन उभ्या राहायच्या. समोर मुलींची रांग. लोहाची निळी गोळी त्या तळहातावर सगळ्यांना दाखवायच्या, तोंडात टाकायच्या, वर पाण्याचा घोट घ्यायच्या आणि मग जीभ चांगली लांब बाहेर काढायच्या.

"पाह्यलं? गेली. मले काई झालं? नाई ना. घ्या मंग आता."

चाळिशी ओलांडलेली शिक्षिका पोरींना जीभ काढून दाखवते आहे, हे दृश्य तुम्ही पाहायला हवं होतं. पण त्या जिभेचा गुण मानावाच लागेल. मॅडम येण्याआधी आमच्या अमडापूरकडच्या शाळेत खिडक्यांखाली निळ्या गोळ्यांचा सडा पडायचा. गोळीने मळमळतं, पोरी काळ्या पडतात, पुढे मूल होत नाही, असं गावात काय वाटेल ते बोललं जाई. मॅडमनी कुणाशी वाद घातला नाही. स्वतः खाऊन दाखवली.

त्या मूळच्या बीबी गावाकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. रंग उडाल्यासारखा पिवळट चेहरा. रक्त कमी आहे, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या. आईने लोखंडी कढईतल्या भाज्या आणि गूळ-शेंगदाणे खाऊ घातले, प्रत्येक डॉक्टरने टॉनिक लिहून दिलं. बाईमाणसाला रक्त कमी असायचंच, त्यात आणखी तपासायचं काय, असंच सगळे धरून चालले. मॅडमही. लोहावर त्यांची इतकी श्रद्धा की त्यांच्या आग्रहाने स्टाफरूममधल्या प्रत्येकीच्या घरी लोखंडी कढई आली. माझ्याही.

आमचं जुंपायचं ते चहावरून. मी थर्मास घेऊन शाळेत येणारी बाई. डबा खाल्ला की मला चहा लागतो. कपात ओतला रे ओतला की मॅडमचा हात त्यावर झाकणासारखा येऊन बसायचा. "जेवनावर चाहा काऊन पेता? खाल्लेलं लोह अंगी लागू देत नाई तो." हात निघेपर्यंत चहा पार थंड व्हायचा. एकदा चिडून मी म्हटलं, मॅडम, तुम्ही एवढं लोह खाता, ते तुमच्या तोंडावर कुठे दिसतं? त्या हसल्या. अजून थोडं खायला पाहिजे, म्हणाल्या.

पुढे त्यांचा चेहरा काळवंडत गेला. बोटांचे सांधे आखडले, खडू धरवेना. साखर निघाली. जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या. रक्त कमी झालं असेल म्हणून त्यांनी टॉनिक वाढवलं. शेवटी बुलढाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, तर प्लीहा वाढलेली. इतकी वर्षं टॉनिक घेऊनही रक्त चढत कसं नाही, हे त्यांना खटकलं. अंगात साठलेलं लोह मोजायची तपासणी त्यांनी करून घेतली, आकडा पाहिला आणि आम्हाला औरंगाबादला पाठवलं.

मी सोबत होते. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. थॅलेसेमिया, जन्मापासूनचा, पण सौम्य प्रकारचा, म्हणून इतकी वर्षं लपून राहिला. या आजारात रक्त तयार होतानाच वाया जातं. शरीराला वाटतं लोह कमी पडलं, म्हणून ते अन्नातून जास्तच ओढून घेतं. आलेलं लोह बाहेर टाकायची वाट मात्र शरीराला नाही. त्यात आयुष्यभराची टॉनिकं. ते सगळं यकृतात, सांध्यांत, हृदयात जाऊन बसलं होतं. काही आजारांत असं लोह वाढलं की रक्त काढून टाकतात. मॅडमकडे काढायला रक्त कुठे होतं? मग लोह ओढून बाहेर काढणारी गोळी मिळाली. रोज पाण्यात विरघळवून, उपाशीपोटी घ्यायची. टॉनिक बंद, कढई बंद, निळी गोळी बंद.

"आणि जेवणाबरोबर चहा घेत चला," डॉक्टर म्हणाले.

एरवी मी हसून लोळले असते.  परतताना एसटीत स्वतःच्या हृदयाचं काय, हे मॅडमनी एकदाही काढलं नाही. चिखलीला उतरायच्या आधी म्हणाल्या, "सोमवारी पोरींले काय सांगू?"

खरी अडचण तीच होती. गोळीनेच मॅडम आजारी पडल्या असं गावात झालं असतं, तर पुन्हा खिडकीखाली सडा. मुख्याध्यापकांनी सुचवलं की तशीच दिसणारी एखादी गोड गोळी तोंडात टाका, पोरींना काय कळतंय. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "सर, माह्या जिभेवर भरोसा ठेवला त्याहीनं."

सोमवारी त्या रिकाम्या हाताने उभ्या राहिल्या. "पोरीहो, आजपासून मी गोळी खानार नाई. तुमची लोहाची कनगी रिकामी हाय, ते भराच लागते. माह्यी भरून सांडून राह्यली होती, अन् मी वरून ओततच होती."

सातवीतली एक बागवानाची मुलगी उठली. फिकट, जरा धावली की धापा टाकणारी. "मॅडम, मी तं साऱ्या गोळ्या खाल्ल्या, तरी थकतेच. माह्यी भरेल हाय का रिकामी, कसं समजंन?"

मॅडम तिच्याजवळ गेल्या. "हे मी कधी इचारलंच नाई, बाई," त्या म्हणाल्या.

बाकीच्या मुलींनी गोळ्या मुठीत धरून ठेवल्या. कुणी तोंडाकडे हात नेईना. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी थर्मास खाली ठेवला, निळी गोळी गिळली आणि जीभ बाहेर काढली. पोरी खदखदून हसल्या आणि हसता हसता गोळ्या गिळून मोकळ्या झाल्या. मॅडमनी माझ्या थर्मासच्या झाकणात चहा ओतून घेतला आणि सगळ्यांसमोर प्यायल्या.

त्यानंतर त्या आरोग्य केंद्राच्या मागेच लागल्या. गोळ्या खाऊनही ज्या फिकटच राहिल्या, त्या मुलींचं रक्त नीट तपासून घेतलं. बागवानाच्या मुलीला मॅडमचाच आजार निघाला. अगदी वेळेवर कळलं, असं डॉक्टर म्हणाले. मॅडमच्या बाबतीत तसं कुणाला म्हणता आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं आणि त्या गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. भांडायला माणूस उरलं नाही.

सोमवारी आता मी जीभ दाखवते. जेवणावर चहा पीत नाही, पण थर्मास नेते. बाकीच्या मुलींच्या गोळ्या चालू असताना बागवानाची मुलगी मॅडमच्या खुर्चीवर बसून खिचडीबरोबर झाकणातला चहा पिते. परवा नव्या आलेल्या शिक्षिकेने ते पाहिलं आणि झाकणावर हात ठेवला. जेवणावर चहा घ्यायचा नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. मी सांगायला उठले.

मुलीने तो हात हळूच बाजूला केला.

"मले चालते," ती म्हणाली. "आमच्या मॅडमले बी चालत होता."